मुदत संपलेलं कूपन

परवा भाचीचा फोन आला. तिच्या मैत्रिणीची मुलगी बारावी झाली, त्या मुलीला काय द्यावं हे सुचत नव्हतं. "आत्या, पुस्तकाच्या दुकानाचं कूपन देऊ का? की आता ते अगदीच जुनाट वाटेल? तू त्या लायनीत होतीस ना?" मी म्हटलं, विचार करून सांगते. ती हसली. एवढ्याशा गोष्टीत विचार कसला करायचा, असं तिला वाटलं असणार. 

त्या लायनीत मी होते म्हणजे घाटकोपर स्टेशनजवळच्या एका मराठी पुस्तकांच्या दुकानात काउंटरवर बसायचे. ऐंशीचं दशक सुरू होऊन थोडी वर्षं झाली होती. मी नुकतीच बी.ए. झाले होते, लग्न ठरायचं होतं, आणि घरी बसून बायोडेटा लिहिण्यापेक्षा हे बरं, म्हणून मुलुंडहून रोज यायचे. दुकान लहान होतं. मालकांना आम्ही काका म्हणायचो. सतत पान खाणारे, कुणी पुस्तक उलटं ठेवलं तरी उठून सरळ करणारे गृहस्थ. वाढदिवस, मुंजी, लग्नं यांच्यासाठी त्यांनी भेट-कूपनं छापून घेतली होती. फिकट पिवळा जाड कागद, वर समईचं चित्र, खाली दोन रेघा. एका रेघेवर कुणाला, दुसरीवर कुणाकडून. माझं अक्षर बरं, म्हणून त्या रेघांवर लिहायचं काम माझ्याकडे होतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलं होतं की हे एक वर्षात वापरावं, आणि याचे रोख पैसे मिळणार नाहीत.

एका शनिवारी दुपारी एक बाई आल्या. घरोघरी पोळ्या करायला जायच्या. हाताच्या कोपरापर्यंत पिठाचा पांढरा अंश राहिला होता. कोकणातल्या, बोलण्यात मालवणी. नवरा गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यापासून एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्टमन म्हणून लागला होता. एकुलता एक मुलगा बारावी पास झाला होता आणि त्याला पुस्तक द्यायचं होतं.

"कुठलं देऊ, मावशी?" मी विचारलं.

"ता माका काय कळता गो बाय? माझी चौथी झालेली. तो सारखो वाचत असता. मी घेतलंय आणि त्याका नको असला तर?"

मी कूपन दाखवलं. हे दिलं की तो स्वतः येईल, हवं ते निवडेल. त्यांना ते फार पटलं. कागद हातात घेऊन त्यांनी समईवरून बोट फिरवलं. नवऱ्याने म्हणे शर्टाचं कापड घ्यायला सांगितलं होतं. कागद कसला देतेस पोराला, म्हणाला होता. "पण कापड म्हणजे माझ्या पसंतीचा. हेच्यात पसंती त्याची," त्या म्हणाल्या. मी मुलाचं नाव लिहिलं. कुणाकडून, असं विचारलं तेव्हा त्या थोड्या लाजल्या आणि म्हणाल्या, "आईकडून, इतक्याच लिही." मी लिहिलं.

रविवारी दुकान सकाळी उघडं असायचं आणि दुपारी बंद. सोमवारी संध्याकाळी त्या परत आल्या. पदर खांद्यावरून घसरलेला, श्वास लागलेला.

"माझो झील हय इल्लो काय गो? माझा मुलगा? कूपन घेवन?"

कुणीच आलं नव्हतं. मी सबंध दिवस काउंटरवर होते. जेवणाचा डबासुद्धा तिथेच खाल्ला होता. मुलगा त्याच दिवशी दुपारी जेवून उठला, खिशात कूपन घातलं, दुकानात जाऊन येतो म्हणाला आणि स्लिपर घालून निघाला. त्यांच्या चाळीपासून आमचं दुकान चालत फार लांब नव्हतं. भांडण नाही, रागावणं नाही. नापास झालेला नाही, कुणा मुलीचं प्रकरण नाही. ताटातला भात संपवून गेला होता. पुढे कित्येक दिवस त्या हेच सांगायच्या, भात संपवल्यान, कायच टाकूक नाय.

पोलिसांत तक्रार झाली. नातेवाईक गावी जाऊन बघून आले. वडिलांनी वेगळंच काम अंगावर घेतलं. कुठे बेवारशी तरुण मुलगा सापडल्याचं चौकीतून कळलं की ते लिफ्टची पाळी दुसऱ्याला देऊन हॉस्पिटलच्या शवागारात जाऊन यायचे. घरी आले की आंघोळ करायचे आणि "नाय" एवढंच सांगायचे. हे मला त्या मावशींनीच सांगितलं, कारण त्या आता रोज यायला लागल्या होत्या. शेवटच्या घरच्या पोळ्या आटोपल्या की आमच्या दुकानावरूनच त्यांचा रस्ता होता. काकांनी त्यांच्यासाठी एक स्टूल काढून ठेवलं. त्या बसायच्या, पाणी प्यायच्या, आणि काउंटरवरच्या तारेकडे बघायच्या. वापरून झालेली कूपनं आम्ही त्या उभ्या तारेत खोचून ठेवायचो.

"आज कोण इल्लो कूपन घेवन?"

"एक आजोबा आले होते, मावशी. आणि एक कॉलेजची मुलगी."

मी त्या दिवसाची कूपनं त्यांना दाखवायचे. त्यांना वाचायला वेळ लागायचा. एकेका कागदावर बोट ठेवून त्या दुसरी रेघ बघायच्या, कुणाकडून. मामाकडून, शेजाऱ्यांकडून, ऑफिसातल्या मित्रांकडून. मग उठून जायच्या.

त्या मुलाला मी कधी पाहिलं नव्हतं. मावशींनी त्याच्या कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो आणून दाखवला होता. इतका लहान फोटो, की त्यात फक्त उभा भांग आणि जाड भुवया कळायच्या. पण तो माझ्याबरोबर राहायला लागला. दारातून उजेड अडवून कुणी पोरगा आत आला की मी आधी त्याच्या भुवया बघायचे. खिशातून पिवळा कागद निघाला की दुसरी रेघ वाचायचे. मुलुंडच्या आमच्या गल्लीत, बसच्या रांगेत, शेजारच्यांच्या साखरपुड्यात, कुठेही तशा भुवया दिसायच्या आणि जवळ गेल्यावर वेगळ्याच माणसाच्या असायच्या. आई म्हणायची, "काय गं, सारखी दचकतेस काय? त्या दुकानात भूत आहे का?" मी हसण्यावारी न्यायचे. भूत असतं तर मेलेल्याचं तरी असतं. हा मेला आहे की नाही हेच कुणाला माहीत नव्हतं.

वर्ष होत आलं तसं मावशींना दुसरीच काळजी लागली. कुणीतरी त्यांना कूपनाच्या मागचा मजकूर वाचून दाखवला होता. स्टुलावर न बसता त्या सरळ काकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मुदत सरली तर तुमी त्याका परत धाडतालात?"

काका पान चघळायचे थांबले. म्हणाले, "त्या कूपनाला मुदत नाही, मावशी. ते कधीही येऊ दे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंस ना? कधीही." मला आठवतं, त्या दिवशी ते बराच वेळ कुठलं पुस्तक सरळ करायला उठले नाहीत.

आमच्याकडे कूपनाबद्दल लोकांची दोन मतं असायची. काही म्हणायचे, हे आळशी माणसाचं प्रेझेंट. निवडायचा त्रास नको म्हणून कागद द्यायचा. काही म्हणायचे, त्यापेक्षा पाकिटात रोख द्या, त्याला हवं ते घेईल. मीसुद्धा आधी तसंच म्हणत होते. पण त्या दिवसांत मला एक गोष्ट दिसायला लागली. त्या मुलाच्या खिशात नोट असती तर ती पहिल्याच दिवशी कुठल्या तरी चहाच्या गाडीवर मोडली असती. शर्टाचं कापड असतं तर ते शिवून, विटून, फाटून गेलं असतं. हा कागद मात्र आमच्या दुकानाखेरीज जगात कुठेच चालणार नव्हता. तो फाडून टाकला नसेल, तर आज ना उद्या त्या पोराला घाटकोपरलाच यायला लागणार होतं. मावशींना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या ते आधीपासून धरून बसल्या होत्या.

तिसऱ्या वर्षी दिवाळी अंकांची गर्दी सुरू झाली होती. दुकानात उभं राहायला जागा नव्हती. सुती साडीतली, खांद्याला झोळी लावलेली एक तरुण बाई लहान मुलांची चित्रांची पुस्तकं निवडून काउंटरवर आली आणि तिने पुस्तकांवर एक कूपन ठेवलं. घड्या पडून मऊ झालेलं, एका कोपऱ्याला पाण्याचा डाग. "याची मुदत संपली आहे, मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण म्हटलं, विचारून तरी बघू."

मी ते सरळ केलं. दुसऱ्या रेघेवर माझंच अक्षर होतं. आईकडून.

"हे तुम्हाला कुठे मिळालं?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

ती घाबरली. "का हो? खोटं आहे का? नसेल चालत तर राहू द्या."

काकांनी कागद बघितला. अंकांची गर्दी तशीच सोडून ते काउंटरच्या बाहेर आले आणि तिला मावशींच्या स्टुलावर बसवलं. चहा मागवला. मग तिने सांगितलं.

ती मानखुर्दला एका वस्तीत बालवाडी चालवायची. तेव्हा हार्बरची गाडी मानखुर्दलाच संपायची, पुढे मिठागरं आणि खाडी. तिथल्या एका बांधकामावर हा मुलगा कामाला होता. पावसाळ्यात काम बंद असलं की बालवाडीच्या पत्र्याखाली येऊन उभा राहायचा. हळूहळू आत येऊन बसायला लागला, मुलांना गोष्टी सांगायला लागला. होळीपर्यंत होता. मग गुजरातेत कुठे तरी काम आहे म्हणून एका ट्रकवाल्याबरोबर निघाला. जाताना प्लॅस्टिकच्या पिशवीतून हे कूपन काढून तिला दिलं. बाई, मुलांना चित्रांची पुस्तकं आणा, म्हणाला. तिने ट्रंकेत ठेवलं आणि विसरली. आता दिवाळीची साफसफाई करताना सापडलं.

"घरचं काही बोलायचा?" काकांनी विचारलं.

"एकदा मीच विचारलं, घर आहे का रे तुला? म्हणाला, आहे ना, घाटकोपरला. मी म्हटलं, मग इथून बसनं जाऊन येता येतं, एवढ्या जवळ असून जात नाहीस? तर म्हणाला, गेलो तर आई दारात उभी राहील. मग परत निघता येणार नाही." ती चहाचा कप फिरवत राहिली. "निघायचं कशासाठी होतं, ते काही त्याने सांगितलं नाही. दुःखी वगैरे दिसायचा नाही हो. मुलांत हसायचा."

मग ती थोडी हसली आणि म्हणाली, "या कूपनाचंही विचारलं मी, की वापरलं का नाहीस. म्हणाला, दुकानासमोर जाऊन बराच वेळ उभा होतो. आत एक मुलगी मान खाली घालून काहीतरी लिहीत होती. तिने वर बघितलं असतं तर आत गेलो असतो. असं गमतीत म्हणाला."

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. मी पुस्तकं बांधायला घेतली. सुतळीची गाठ मला बसेना. रस्त्याच्या पलीकडे घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, त्याच्यापुढे दोन पायऱ्या. तो तिथेच उभा असणार. त्या पायऱ्या मी रोज बघत होते. त्यानंतर त्या दुकानात होते तोवर मला त्या पायऱ्यांकडे सरळ बघता आलं नाही. मावशींना ही एवढीच गोष्ट आम्ही सांगितली नाही. मी नाही, काकांनीही नाही.

बाकी सगळं त्यांना संध्याकाळी सांगितलं. मी घाबरले होते, रडतील, कोसळतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "थय तो जेवायचो काय?"

बालवाडीच्या बाई थांबून राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बांधकामावरच्या बायकांत जेवायचा. भाकरी, सुकट. कधी मी भात न्यायचे."

"भात न्हेयचास?" मावशींनी बाईंचे दोन्ही हात धरले आणि सोडलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी वडील आले. त्यांना मी पहिल्यांदाच बघत होते. खाकी लिफ्टमनचा गणवेश, हातात टोपी. काकांनी कूपन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उजेडाकडे धरलं, डाग असलेल्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला. मला विचारलं, "ह्या अक्षर तुझा?" मी मान हलवली. "म्हणजे झील जितो होतो," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, अगदी हलक्या आवाजात, "जितो होतो मगे." कूपन परत दिलं, टोपी घातली आणि तिथून ते तडक पोलीस चौकीत गेले. तिथे काय झालं ते मावशींनी सांगितलं. त्यांनी तक्रार मागे घ्यायची म्हटल्यावर हवालदाराने विचारलं, "मुलगा सापडला का?" ते म्हणाले, "नाय. पण तो हरवलेलो नाय." त्यानंतर ते कधी शवागारात गेले नाहीत.

दिवाळी झाल्यावर मावशी म्हणाल्या, माका थय ने. आम्ही दोघी बसने मानखुर्दला गेलो.  बसमध्ये मावशी मांडीवर डबा धरून बसल्या होत्या. वस्तीत खाडीचा वास आणि कुठे तरी जळणाऱ्या कचऱ्याचा धूर. बालवाडी म्हणजे तीन बाजूंनी पत्रा आणि चौथ्या बाजूला गोणपाट. आत दोरीवर कपड्यांचे चिमटे लावून आमच्या दुकानातली पुस्तकं टांगली होती. पोरं हात पुसून एकेक काढायची आणि परत लावायची.

बाईंनी मुलांना सांगितलं, ही त्या गोष्टीवाल्या दादाची आई.  बरीचशी मुलं नवीन होती, त्यांना दादा माहीत नव्हता. पण एक मोठी मुलगी पुढे आली. तिला तो आठवत होता. "दादाची खेकड्याची गोष्ट येते मला," ती म्हणाली आणि उभी राहून सांगायला लागली. एक छोटा खेकडा असतो. त्याला माडाच्या शेंड्यावर काय आहे ते बघायचं असतं. ओहोटी लागल्यावर तो माडावर चढतो. वरून बघतो तर खाली पाणीच नाही. मग तो ओरडतो. इथे त्या मुलीने तोंडापाशी हात धरले. ती हिंदी-मराठी मिसळून बोलणारी पोर, पण ते वाक्य तिने हेल काढून अगदी मालवणीत म्हटलं:

"पाणी खंय गेलां गो आये?"

माझ्या शेजारी मावशींच्या हातातला डबा वाजला. गोष्ट त्यांची होती. त्यांच्या आईने त्यांना सांगितलेली, त्यांनी मुलाला. तो हेल त्यांच्या गावचा होता. मुलाचा आवाज त्यांनी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता, आणि आता तो एका अनोळखी पोरीच्या तोंडून पत्र्याच्या खोलीत येत होता.  मागे वळून बघावंसं वाटलं, की कुणी गोणपाटाशी उभं आहे का.

"मग?" मावशींनी विचारलं. "मगे काय झाला?"

"मग वारा सुटतो. माड वाकतो, खूप वाकतो, पलीकडच्या खाडीपर्यंत. आणि खेकडा तिकडे उतरून जातो."

"आणि त्याची आवस? आई?"

मुलीने जरा विचार केला. "आईचं दादाने नाही सांगितलं."

परत येताना बसमध्ये मावशी बोलायला लागल्या. गोष्टीचा शेवट तसा नाही, म्हणाल्या. त्यांच्या गोष्टीत आई खालून हाक मारते, भात निवतो म्हणते, आणि खेकडा उतरून येतो. तेवढ्यात भरती लागते आणि पाणीही येतं. "ह्यो शेवट त्याने खयसून आणल्यान?" त्यांनी मला विचारलं.  चेंबूर येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मुलगा आला नाही. निदान मी घाटकोपरला होते तोवर नाही. दशक संपता संपता माझं लग्न झालं, मी बोरिवलीला गेले, दुकान सुटलं. मावशींचं दुकानात येणं त्याआधीच कमी झालं होतं, कारण त्यांनी शनिवारच्या पोळ्या सोडून दिल्या होत्या. दर शनिवारी त्या डबा घेऊन मानखुर्दला जायच्या. बालवाडीच्या बाई पुस्तकं घ्यायला यायच्या तेव्हा सांगायच्या. सुरुवातीला मावशी नुसत्याच बसून राहायच्या, तो बसायचा त्या जागेवर. मग कधीतरी मुलांनी हट्ट केला तेव्हा गोष्ट सांगायला लागल्या.

लग्नाआधी बाईंना भेटायला म्हणून मी एकदा शनिवारी गेले. मावशी गोणपाटाशी पाठ टेकून बसल्या होत्या, भोवती पोरं. खेकड्याचीच गोष्ट चालली होती. मी दाराशीच थांबले. माड वाकला, पलीकडच्या खाडीपर्यंत गेला, आणि खेकडा तिकडे उतरून गेला. त्यांनी शेवट मुलाचाच सांगितला.

एका बारक्या पोराने विचारलं, "आजी, मग त्याची आई काय करते?"

मावशींनी त्याच्या नाकाला लागलेली माती पदराने पुसली.

"काय करतली?" त्या म्हणाल्या. "भात रांधता."